हे युद्ध कोणाचे?

२ ऑक्टोबर १९३९ रोजी मुंबईतील सुमारे नव्वद हजार कामगारांनी एक दिवसाचा संप केला. मागणी पगारवाढीची नव्हती, बोनसची नव्हती, कामाच्या तासांचीही नव्हती. महिन्यापूर्वी, ३ सप्टेंबरला, व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी एकाही भारतीय प्रतिनिधीला न विचारता हिंदुस्थान युद्धात सामील झाल्याचे जाहीर केले होते. त्या युद्धाचा निषेध म्हणून हा संप होता, आणि तो घडवून आणला होता लाल बावट्याच्या कम्युनिस्टांनी. योगायोग असा की त्याच दिवशी गांधीजींच्या वयाला सत्तर वर्षे पूर्ण होत होती. गांधीजी त्या सुमारास काय म्हणत होते? व्हाइसरॉयशी बोलताना लंडनची पार्लमेंटची इमारत आणि वेस्टमिन्स्टर ॲबे उद्ध्वस्त होण्याच्या नुसत्या कल्पनेने त्यांना भरून आले होते, आणि आपली वैयक्तिक सहानुभूती इंग्लंड-फ्रान्सच्या बाजूने असल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले होते.

आता तीन वर्षे पुढे जाऊ. ८ ऑगस्ट १९४२, गवालिया टँक मैदान. अखिल भारतीय काँग्रेस समितीपुढे 'भारत छोडो'चा ठराव आहे. तेरा मते ठरावाविरुद्ध पडतात, आणि ती देणाऱ्यांत प्रामुख्याने कम्युनिस्ट सभासद आहेत. गांधीजी आपल्या भाषणात या तेरा जणांचे, मतावर ठाम राहण्याच्या धैर्याबद्दल, अभिनंदन करतात. आणि मग देशाला निर्वाणीच्या लढ्याचे आवाहन करतात. ज्यांना १९३९ मध्ये ब्रिटनबद्दल कणव वाटत होती ते ब्रिटिशांना 'चालते व्हा' म्हणत होते. ज्यांनी युद्धाविरुद्ध गिरण्या बंद पाडल्या होत्या ते गिरण्या चालू ठेवा म्हणत होते. शहर तेच, युद्ध तेच, कामगारही तेच. भूमिकांची मात्र पुरती अदलाबदल झाली होती.

या घटनेकडे पाहण्याच्या दोन ठरावीक रीती आपल्याकडे रुळल्या आहेत. एक म्हणते, कम्युनिस्टांनी देशाशी फितुरी केली. दुसरी म्हणते, जगाचे भवितव्य फॅसिझमच्या पराभवावर अवलंबून होते आणि ते फक्त कम्युनिस्टांनी ओळखले. आम्हांला या दोन्ही रीती अपुऱ्या वाटतात. त्यांत निकाल आहे, पण ज्या प्रश्नावर हा निकाल द्यायचा तो प्रश्नच नाही. तो प्रश्न होता: 'हे युद्ध कोणाचे?' विसाव्या शतकाला हा प्रश्न विचारायला कम्युनिस्टांनीच शिकवले, आणि ऑगस्ट १९४२ मध्ये तो विचारण्याची सर्वाधिक गरज असताना त्याचे उत्तर त्यांनी स्वतःच्या पायाखालच्या जमिनीवर शोधले नाही.

हा प्रश्न कोठून आला हे आधी पाहिले पाहिजे. १९०७ साली जर्मनीतील स्टुटगार्ट येथे दुसऱ्या इंटरनॅशनलची परिषद भरली. मुंबईत जन्मलेल्या मादाम कामा यांनी हिंदुस्थानचा ध्वज फडकवला ती हीच परिषद. तेथे युद्धाविषयी एक ठराव झाला. युद्ध टाळण्यासाठी कामगारवर्गाने शिकस्त करावी, आणि तरीही ते भडकलेच तर ते लौकर संपवण्यासाठी झटावे व युद्धातून उद्भवलेल्या अरिष्टाचा उपयोग भांडवलशाहीची सत्ता उलथण्यासाठी करावा, असा त्याचा आशय होता. हा शेवटचा भाग लेनिन, रोझा लुक्झेंबुर्ग आणि मार्तोव्ह यांच्या दुरुस्तीमुळे आला होता. ठराव सर्वांनी मान्य केला. सात वर्षांनी, ४ ऑगस्ट १९१४ रोजी, याच इंटरनॅशनलमधील सर्वांत बलाढ्य पक्षाने, म्हणजे जर्मन सोशल डेमोक्रॅटांनी, जर्मन संसदेत युद्धखर्चाच्या बाजूने मत दिले. फ्रान्समध्ये युद्धाविरुद्ध जिवाचे रान करणाऱ्या ज्याँ जोरेस यांची चारच दिवस आधी हत्या झाली होती. प्रत्येक देशाच्या समाजवाद्यांना आपापल्या सरकारचे युद्ध बचावाचे वाटू लागले. पक्षशिस्तीखातर ऑगस्टमध्ये गप्प राहिलेल्या कार्ल लिबक्नेख्ट यांनी डिसेंबरात संसदेत एकट्याने विरोधी मत दिले. आणि पुढे, कामगारांचा मुख्य शत्रू सीमेपलीकडे नसून स्वतःच्याच देशात आहे, असे सांगितले.

लेनिनने या पडझडीतून जो निष्कर्ष काढला, तो पुढच्या सर्व कम्युनिस्ट विचाराचा पाया ठरला. १९१६ मध्ये झुरिक येथे लिहून १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या साम्राज्यशाहीवरील पुस्तिकेची मांडणी थोडक्यात अशी आहे. भांडवलशाहीत स्पर्धेतून मक्तेदारी निर्माण होते. बँकांचे आणि उद्योगांचे भांडवल एकवटून वित्तभांडवल तयार होते. मालापेक्षा भांडवलाच्या निर्यातीला महत्त्व येते. आणि त्या भांडवलासाठी मोठी राष्ट्रे जग आपसांत वाटून घेतात. वाटणी पुरी झाली तरी राष्ट्रांची वाढ सारख्या वेगाने होत नाही. उशिरा मोठा झालेला नव्या वाटणीचा आग्रह धरतो, आणि त्याचा निवाडा शेवटी तोफांनी होतो. म्हणून पहिली गोळी कोणी झाडली हा प्रश्न लेनिनच्या दृष्टीने फारसा उपयोगाचा नव्हता. युद्ध कोणत्या वर्गाच्या, कोणत्या राजकारणाचा पुढचा भाग आहे हे पाहायचे. साम्राज्य टिकवण्यासाठीचे युद्ध अन्याय्य. साम्राज्याविरुद्ध गुलाम राष्ट्राने केलेले युद्ध न्याय्य.

या विचारात वसाहतींना जागा होती, हे आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. टिळकांना जुलै १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले होते. लेनिनने त्याच वर्षी लिहिलेल्या एका लेखात या संपाची दखल घेतली आणि हिंदी कामगार राजकीय लढ्यासाठी जागा झाल्याची ती खूण मानली. युरोपातल्या किती समाजवाद्यांचे लक्ष तेव्हा परळ-लालबागकडे गेले असेल? सत्तेवर येताच बोल्शेविकांनी शांततेचा हुकूमनामा काढला आणि झारने दोस्तराष्ट्रांशी केलेले गुप्त करार छापून टाकले. तुर्कस्तानचे तुकडे कोणी कसे वाटून घ्यायचे ठरले होते ते जगाने वाचले. डांगे, मिरजकर, घाटे, अधिकारी यांच्या पिढीला कम्युनिझम जवळचा वाटला तो यामुळे. पोथीतल्या अर्थशास्त्रापेक्षा, साम्राज्याचे पितळ उघडे पाडणारी ही कृती त्यांना अधिक पटली असावी.

आता १९३९ कडे परत येऊ. त्या वर्षी कम्युनिस्टांच्या भूमिकेत एक गाठ होती. १९३५ च्या सातव्या काँग्रेसपासून कॉमिन्टर्न फॅसिझमविरोधी व्यापक आघाडीचा पुरस्कार करत होती. २३ ऑगस्ट १९३९ रोजी सोव्हिएत रशियाने हिटलरशी अनाक्रमणाचा करार केला आणि चित्र पालटले. ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस हॅरी पॉलिट यांनी, आदल्या चार वर्षांच्या शिकवणीला जागून, हे युद्ध जिंकलेच पाहिजे अशी पुस्तिका सप्टेंबरात काढली. काही आठवड्यांतच मॉस्कोकडून निरोप आला की दोन्ही बाजूंनी हे साम्राज्यशाही युद्ध आहे. पॉलिटना पद सोडावे लागले. दीडदोन वर्षांनी रशियावर हल्ला झाल्यावर ते पुन्हा त्या पदावर आले. बिचाऱ्या पॉलिटचा गुन्हा एवढाच, की ते योग्य उत्तर अयोग्य वेळी देऊन बसले.

मुंबईत मात्र ही गाठ कोणाला जाणवली नाही. याचे कारण उघड आहे. मॉस्को जे म्हणत होती तेच गिरणगावाला स्वतःच्या अनुभवाने कळत होते. हिंदुस्थानला न विचारता हिंदुस्थान युद्धात ओढला गेला होता. धान्य महागले होते, गिरणीमालकांचा नफा वाढत होता, आणि भारत संरक्षण कायद्याखाली बोलणाऱ्याला तुरुंग होता. मार्च १९४० मध्ये महागाई भत्त्यासाठी गिरण्यांचा सार्वत्रिक संप झाला. तो सुमारे चाळीस दिवस चालला. डांगे, रणदिवे आदी नेते पकडले गेले आणि अनेकांची रवानगी राजपुतान्यातील देवळीच्या छावणीत झाली. 'हे युद्ध कोणाचे?' या प्रश्नाला 'आमचे नव्हे' हे उत्तर चाळीतल्या माणसाला कोणी पढवावे लागले नाही. आम्हांला वाटते, पुढच्या चुकीचे बीज या सुखद जुळणीतच होते. उत्तर दोन ठिकाणांहून येत होते, एक बाहेरून आणि एक आतून. दोन्ही एकच असल्यामुळे, आपण नेमके कोणाचे ऐकतो आहोत, हे तपासण्याची वेळच आली नाही.

ती वेळ २२ जून १९४१ रोजी आली. हिटलरने रशियावर चढाई केली. तुरुंगाबाहेरील भूमिगत पक्षाने, हे नमूद केले पाहिजे, लगेच कोलांटउडी मारली नाही. सोव्हिएत भूमीचा बचाव करायचा तर तो हिंदुस्थानातील ब्रिटिश सत्तेशी लढूनच, अशी भूमिका त्याने काही महिने टिकवली. बदलाचा आग्रह देवळीत डांबलेल्या नेत्यांकडून झाला, ब्रिटिश पक्षाकडूनही झाला. डिसेंबर १९४१ मध्ये पक्षाने नवी भूमिका घेतली: आता हे 'लोकयुद्ध' आहे. जुलै १९४२ मध्ये, १९३४ पासून पक्षावर असलेली बंदी सरकारने उठवली. पक्षाच्या मराठी साप्ताहिकाचे नावही 'लोकयुद्ध' ठेवले गेले.

या भूमिकेत तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. जपानने मार्च १९४२ मध्ये रंगून घेतले होते. एप्रिलमध्ये विशाखापट्टण आणि काकिनाड्यावर बाँब पडले होते. चीनमध्ये जपानी सैन्याने काय केले ते सर्वांना ठाऊक होते. फॅसिझम जिंकला तर वसाहतींची सुटका होईल ही आशा भाबडी होती, आणि हे नेहरूंनाही पुरते समजत होते. ठरावाला त्यांची संमती मिळवणे सोपे गेले नव्हते. कम्युनिस्टांनी ब्रिटिश सरकारला कोरा पाठिंबा दिला असेही नाही. राष्ट्रीय सरकार स्थापा, नेत्यांना सोडा, काँग्रेस-लीग एकजूट करा, या मागण्या त्यांनी लावून धरल्या. मार्च १९४३ मध्ये, म्हणजे पक्ष युद्धप्रयत्नांच्या बाजूने उभा असतानाच, केरळातील कय्यूरच्या चार तरुण शेतकरी कम्युनिस्टांना ब्रिटिश सरकारने फाशी दिले. बंगालच्या दुष्काळात कम्युनिस्ट कार्यकर्ते अन्नछत्रे चालवत होते, आणि सुनील जाना यांची छायाचित्रे व चित्तप्रसाद यांची रेखाटने भुकेचे दर्शन देशाला घडवत होती. महाराष्ट्रात अण्णा भाऊ साठे यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. पोवाड्याच्या चालीवर व्होल्गाकाठची लढाई मुंबईच्या कामगारवस्तीत पोचली. दूरच्या माणसाचा पराक्रम आपलाच मानण्याची ही वृत्ती क्षुद्र कशी म्हणावी?

मग चुकले कोठे? आमच्या मते चूक युद्धाच्या मूल्यमापनात नव्हती, त्या मूल्यमापनाला अविभाज्य मानण्यात होती. एका युद्धात अनेक युद्धे असतात. लाल सैन्य स्टालिनग्राडला लढत होते ते लोकयुद्ध होते, यात शंका नाही. पण त्याच काळात चर्चिल ब्रह्मदेश, मलाया आणि हिंदुस्थान आपल्या ताब्यात ठेवण्यासाठीही लढत होते, आणि ही गोष्ट त्यांनी लपवलेली नव्हती. व्होल्गाकाठी जे युद्ध लोकांचे होते ते हुगळीकाठी तसेच असेल, हे गृहीत धरता येत नव्हते. 'युद्ध कोणत्या राजकारणाचा पुढचा भाग आहे?' ही लेनिनची कसोटी दिल्लीच्या सचिवालयाला लावली असती, तर १९४२ मध्येही उत्तर १९३९ चेच आले असते. पक्षाने ती कसोटी जगाला एकदाच लावली, आणि निघालेले उत्तर सर्व देशांना सारखे वाटून दिले.

येथे व्हिएतनामचे उदाहरण दिले जाते. मे १९४१ मध्ये हो चि मिन्ह यांनी व्हिएत मिन्हची स्थापना केली. या आघाडीने जपानी फॅसिझमशीही लढा दिला आणि फ्रेंच वसाहतशाहीशीही. दोन्ही एकदम शक्य होते, मग हिंदी कम्युनिस्टांना का जमले नाही? तुलना उद्बोधक आहे, पण पूर्ण न्याय्य नाही. व्हिएतनाममध्ये विशीची फ्रेंच राजवट जपानशी हातमिळवणी करून होती. दोन शत्रू एकाच बाजूला उभे होते. हिंदुस्थानात ते समोरासमोर उभे होते, आणि एकावर घाव घातला की दुसऱ्याला बळ मिळणार, ही भीती खोटी नव्हती. अवघड पेच होता तो. आम्ही दोष देतो तो पेच सुटला नाही याबद्दल नाही. पेचच नाही, असे मानले गेले, याबद्दल देतो.

या मानण्याची किंमत काय पडली? ९ ऑगस्टला नेते पकडले गेल्यावर अहमदाबादच्या गिरण्या तीन महिन्यांहून अधिक काळ बंद राहिल्या. १९०८ मध्ये टिळकांसाठी, १९२८ मध्ये सहा महिने हक्कांसाठी, १९३९ मध्ये युद्धाविरुद्ध उठलेले मुंबईचे गिरणगाव मात्र त्या मानाने लौकर कामावर परतले. भूमिगत समाजवाद्यांना पक्षाच्या पत्रांतून दूषणे दिली गेली. सुभाषचंद्रांची व्यंगचित्रे तर इतकी हीन होती की ती पुढे कित्येक दशके पक्षाच्या मानगुटीवर बसली. दुसऱ्याच्या भूमिकेशी असहमत असणे वेगळे आणि त्याच्या त्यागाची टर उडवणे वेगळे. गवालिया टँकवर विरोधकांचे अभिनंदन करणाऱ्या गांधीजींनी जो विवेक दाखवला, तो या पत्रांना दाखवता आला नाही.

१९४४ मध्ये सुटकेनंतर गांधीजींचा पक्षाचे सरचिटणीस पूरणचंद जोशी यांच्याशी पत्रव्यवहार झाला. गांधीजींनी जे प्रश्न विचारले त्यांतला पहिला असा होता: 'लोकयुद्ध' या शब्दातले 'लोक' कोण? हे युद्ध हिंदुस्थानातल्या कोट्यवधींच्या वतीने आहे, की आफ्रिकेतल्या काळ्या माणसांच्या, की अमेरिकेतल्या, की सर्वांच्याच? जोशींनी सविस्तर उत्तर पाठवले. त्या उत्तरात कळकळ होती, अभ्यासही होता. पण आम्हांला खरे मर्म दिसते ते प्रश्नात. 'हे युद्ध कोणाचे?' हा मूळचा कम्युनिस्टांचा प्रश्न. मार्क्सवादाशी काडीचाही संबंध नसलेला एक वृद्ध माणूस तो कम्युनिस्टांनाच परत विचारत होता, आणि वसाहतीत राहणाऱ्या, कातडीच्या रंगावरून तुडवल्या गेलेल्या माणसांच्या बाजूने विचारत होता. लेनिनने १९१६ मध्ये ज्यांच्या बाजूने विचारला होता ती हीच माणसे.

आपल्या बुद्धीने उत्तर काढले असते तर लोक पाठीशी आले असते, असाही दावा आम्ही करत नाही. मानवेंद्रनाथ रॉय हे त्याचे उदाहरण. कॉमिन्टर्नमधून ते पूर्वीच बाहेर पडले होते. रशियावर हल्ला होण्याच्या आधीपासूनच, स्वतःच्या विचाराने, ते हे युद्ध फॅसिझमविरोधी मानत होते, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींसारखे विद्वान त्यांच्यासोबत होते. रॉय एकाकीच पडले. पण रॉय यांच्याशी वाद घालता येतो. त्यांचे उत्तर त्यांचे स्वतःचे असल्यामुळे ते कोठून आले आणि कोणत्या टप्प्यावर चुकले, हे शोधता येते. रेडिओवर बातमी आल्यावर बदललेल्या उत्तराशी वाद तरी कसा घालणार?

इतिहासाने या प्रकरणाला दोन विलक्षण तळटीपा जोडल्या. मे १९४३ मध्ये हिंदी कम्युनिस्ट पक्षाचे पहिले अधिवेशन मुंबईत खुलेपणाने भरले, आणि त्याच दिवसांत, दोस्तराष्ट्रांच्या मैत्रीखातर, स्टालिनने कॉमिन्टर्न बरखास्त करण्याचा निर्णय जाहीर झाला. ज्या घरच्या वडिलधाऱ्याचा शब्द झेलायचा तोच घर मोडून निघून गेला. दुसरी तळटीप अधिक हृद्य आहे. बेचाळीसच्या लढ्यातून साताऱ्यात प्रतिसरकार उभे करणारे क्रांतिसिंह नाना पाटील पुढे कम्युनिस्ट पक्षात आले आणि १९५७ मध्ये त्याच पक्षाचे खासदार म्हणून लोकसभेत गेले. ९ ऑगस्टला गवालिया टँकवर तिरंगा फडकवणाऱ्या अरुणा असफ अली यांनीही पन्नाशीच्या दशकात कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला. बेचाळीसने दुरावलेल्या दोन प्रवाहांना पुन्हा एकमेकांची ओढ लागली. फेब्रुवारी १९४६ मध्ये नाविकांच्या उठावाला पाठिंबा म्हणून कम्युनिस्टांनी मुंबईत संपाची हाक दिली, तेव्हा काँग्रेस आणि लीगचे नेते ती मानू नका म्हणत असताना गिरण्या बंद पडल्या आणि गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मेली. पक्षाने प्रश्न पुन्हा जमिनीवर उभे राहून विचारला, तेव्हा गिरणगावाने पूर्वीचा राग मनात ठेवला नाही.

१९६२ मध्ये चीनशी युद्ध झाले तेव्हा हाच प्रश्न आणखी निराळ्या रूपाने पुढे आला. समाजवादी देश आक्रमण करू शकतो का, यावर पक्षात घमासान झाले, आणि इतर मतभेदांची भर पडून १९६४ मध्ये पक्ष दुभंगला. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली तेव्हाही जगभरच्या डाव्यांत फूट पडली. काहींना केवळ नाटोचा विस्तार दिसला, काहींना केवळ रशियाचे रणगाडे. एका युद्धात अनेक युद्धे असतात हे मान्य करायला आजही मन तयार होत नाही, असे त्या वादांतून जाणवत होते.

कम्युनिस्टांचे युद्धविषयक विचार कालबाह्य झाले असे म्हणण्याची फॅशन आहे. आम्हांला ते मान्य नाही. सरकार जेव्हा राष्ट्राच्या नावाने लढायला बोलावते, तेव्हा नफा कोणाचा, मरण कोणाचे, आणि लढाई संपल्यावर जमीन कोणाच्या ताब्यात, असे विचारण्याची सवय जगाला त्यांनी लावली. ती सवय मोडता कामा नये. मात्र हे विचारणाऱ्याने, समोरच्या नकाशाबरोबरच आपण कोठे उभे आहोत, हेही पाहिले पाहिजे. २ ऑक्टोबर १९३९ ला गिरणीच्या दारातून मागे फिरलेल्या कामगाराने पुस्तिका वाचली नव्हती. त्याला कोणी विचारले नव्हते, हे त्याला ठाऊक होते. आणि त्याचे उत्तर तेथून सुरू होत होते.